तांब्याभर पाणी कुठे जातं

१८ मे

सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं, पाणी लागलं नाही. तांब्या ओतला तेव्हा कुठे काठाला आलं. काल सकाळीही तांब्याच लागला, परवाही. गाडीखाली मात्र जमीन कोरडी ठणठणीत. बाटलीने मोजून पाहिलं, तांब्या सव्वा लिटरचा आहे.

पाणी इंजिनात उतरत असेल का? डिपस्टिक काढून पाहिली. ऑईल काळंच आहे, दुधाच्या चहासारखं झालेलं नाही. धूर पांढरा नाही. गाडी चालू ठेवून झाकणात पाहिलं, बुडबुडे येत नाहीत. म्हणजे हेडचं गॅस्केट शाबूत. अर्धा जीव भांड्यात पडला.

*

गाडी म्हणजे दादांची टाटा ४०७. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. त्र्याण्णव सालची, एमएच-०६ची. कागदोपत्री हलकं मालवाहू वाहन, कंपनीच्या लेखी ट्रक, आणि नागावपासून रेवदंड्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी टेम्पो. टेम्पो हे मुळात हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचं नाव. त्यांच्या तीनचाकी गाड्या फिरोदियांच्या बजाज टेम्पोने इथे बनवल्या. त्या कंपनीने २००५ मध्ये स्वतःचं नाव बदलून फोर्स केलं, पण आमच्याकडे छोटा ट्रक दिसला की तो टेम्पोच, मग तो कुणाचाही असो.

आमची गाडी सीझनभर बंदरावर बर्फाच्या लाद्या नेते, येताना मासळी आणते. मागच्या फळ्यांतून खारं पाणी ठिबकतं ते चासीवर. पाठीवर बर्फ आणि पोटात उकळी, असा तिचा सध्याचा संसार आहे.

१ जूनपासून मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. म्हणजे अजून तेरा दिवस बर्फ आहे, आणि तेरा दिवस गाडी फार उभी ठेवता येणार नाही. जे करायचं ते दुपारनंतर अंगणात, आंब्याच्या सावलीत.

*

मी मेकॅनिक नाही. दादा गाडीखाली झोपायचे आणि मी बाहेर उकिडवा बसून मागतील तो पाना द्यायचो. तेवढीच शिकवणी. चौदा-पंधरा मागितला की बारा-तेरा द्यायचो आणि शिवी खायचो. आता पुतण्या मला चुकीचा पाना देतो. मी शिवी देत नाही. हल्लीची मुलं घरी निघून जातात.

*

१९ मे

पुतण्या म्हणाला, "काका, वॉटर बॉडी गेली. बघा ना, पुढनं सगळं ओलं आहे."

वॉटर बॉडी म्हणजे वॉटर पंप. तिच्या पोटाला खालून एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं, एवढ्यासाठीच ते केलेलं असतं. बऱ्याच जणांना तो दोष वाटतो आणि ते भोक एम-सीलने बुजवतात. मग बेअरिंग जातं, पंखा हलायला लागतो आणि एके दिवशी रेडिएटरच्या जाळीत घुसतो. आमच्या भोकाला बोट लावलं. कोरडं.

पुढनं ओलं होतं हे खरं. पण पंखा आहे ना मध्ये. कुठूनही थेंब सुटला की तो झोडपून चहूकडे उडवतो. ओलं सगळं पुसून घेतलं, जुन्या वर्तमानपत्राची पट्टी सगळ्या सांध्यांवर गुंडाळली आणि गाडी उभ्या जागी पंधरा मिनिटं चालवली. वरच्या होज पाईपजवळची पट्टी भिजली. वॉटर बॉडी निर्दोष सुटली.

*

वरच्या पाईपची क्लिप सोडली तर खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी निघाली. चार वेढे आणि वर तांब्याची तार. तारेची गाठ होडीच्या दोरीला मारतात तशी. दादा जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे हे मलम निदान नऊ वर्षांचं. पाईप मधे कडक, पण रेडिएटरच्या तोंडाशी दाबून पाहिला तर पिकल्या चिकूसारखा मऊ. रबर ऑईलने असं होतं.

नवा पाईप अलिबागला मिळाला. क्लिपा मात्र जुन्या पद्धतीच्या, रुंद पट्टीच्या मागून घेतल्या. बारीक तारेच्या क्लिपा पाईप कापतात.

तार कापून टाकली. गाठ ठेवली आहे, टूलच्या पेटीत.

*

२० मे

अर्धा तांब्या.

म्हणजे गळती दोन होत्या. एक बंद केल्यावर दुसरीचा आकडा कळला. रोज सहाशे मिलिलिटरच्या आसपास जातंय, आणि आता तर इंजिनही बाहेरून कोरडं आहे.

*

शेजारचे नाना चाळीस वर्षं ट्रकवर होते. आता ऐंशीच्या घरात. कुंपणावर हात ठेवून रोज दोन वाक्यं बोलून जातात. आजची: "गारी थंडी होवंदे, मंग झाकन उघर. नाय तं तोंर भाजशील." आणि मग: "हलद टाक."

हळद टाकणं हा घाटातला जुना उपाय. रेडिएटरला बारीक भोक पडलं की चहाच्या टपरीवरून मूठभर हळद घ्यायची आणि पाण्यात सोडायची. ती फुगते, पाण्याबरोबर भोकापर्यंत जाते आणि तिथेच अडकते. मुक्कामापर्यंत पोचवते. डिझेलची टाकी पाझरली तर साबणाची वडी घासायची, हाही त्याच शाळेतला धडा.

हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. अमेरिकेत रेडिएटरच्या गळतीसाठी गोळ्या मिळतात, त्यांत आल्याच्या मुळाचा भुगा असतो. आलं आणि हळद एकाच कुळातली. नानांना हे सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. "त्यांना हलद गवसली नसंल," म्हणाले.

पण हळदीला गळकं भोक आणि चांगली नळी यांत फरक कळत नाही. जाळीतल्या नळ्या आधीच अरुंद, तिथेही ती बसते. वाटेत अडकलो तर टाकीन. अंगणात उभ्या गाडीत कशाला?

*

झाकणाबद्दल. रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नाही, तो एक वाल्व आहे. त्यावर आकडा असतो. आमच्यावर ०.९ आहे, म्हणजे जवळपास तेरा पौंड. तेवढा दाब आत धरून ठेवला की पाणी शंभराऐवजी एकशे अठरा-एकोणीस अंशांवर उकळतं. महाबळेश्वरला उघड्या भांड्यात पाणी पंच्याण्णव-शहाण्णव अंशांवरच उकळतं, म्हणून तिथे डाळीला कुकर लागतो. गाडीचंही तसंच आहे. झाकणाचं रबर गेलं म्हणजे कुकरची रिंग गेली.

लहानपणी आत्याकडे श्रीवर्धनला जायचो. एसटी घोणसे घाट चढून आली की ड्रायव्हर उतरायचे, हातात फडकं गुंडाळायचे आणि झाकण पाव फेरा फिरवून तोंड बाजूला करून थांबायचे. आधी फुस्स, मग वाफ, मग उरलेला फेरा. झाकणाला दोन टप्पे त्यासाठीच दिलेले असतात. कंडक्टर डबा घेऊन पाणी शोधायला जायचे आणि आम्ही खाली उतरून करवंदं.

*

२३ मे

शाकारणीला माणसं आली. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमचं मागचं छप्पर गेलं. तेव्हापासून घराला पुढे कौल आणि मागे पत्रा. गळतं ते कौलाखालीच, ओटीच्या मधोमध. मी वर बोट दाखवून म्हणालो, "इथलं कौल बदला."

त्यांच्यातला म्हातारा माझ्या बोटाकडे बघतसुद्धा नव्हता. तो वाशाकडे बघत होता. म्हणाला, "पाणी पडतं तिथं गळत नसतं, भाऊ." कौल फुटलेलं असतं वर आढ्याजवळ. पाणी वाशाच्या पोटाला धरून खाली येतं, वाटेत खिळा नाहीतर गाठ लागली की तिथे सुटतं. त्याने वासा वरपर्यंत हाताने चाचपला आणि आढ्यापासून तिसरं कौल काढलं. केसाएवढी चीर होती.

मी शिडी धरून उभा होतो, आणि डोक्यात गाडी.

*

दाब देऊन बघायचं ठरवलं. गॅरेजमध्ये त्यासाठी पंप असतो, घड्याळ लावलेला. माझ्याकडे सायकलचा पंप आहे.

रेडिएटरचं जुनं झाकण घेतलं. मधली स्प्रिंग काढली, भोक पाडलं, फुटक्या ट्यूबचा व्हॉल्व दोन्ही बाजूंनी वायसर लावून आवळला. वर टायरची हवा मोजायचं पेन. इंजिन पूर्ण गार. दहा पौंडांपर्यंत हवा मारली आणि थांबलो. झाकणाच्या आकड्यापुढे जायचं नाही, नाहीतर जुन्या जाळीचे सांधे उघडतात आणि मग आपण शोधायला गेलेली गळती आपणच केलेली असते.

पाच मिनिटांत दहाचे सात झाले. दिसत काहीच नाही. ऐकू आलं पुतण्याला. त्याने मोबाईल खिशात टाकला होता, बहुधा म्हणूनच. इंजिनच्या कुशीतून, मॅनिफोल्डच्या खालून, एखादी उदबत्ती पाण्यात विझवावी तसा बारीक आवाज येत होता.

आरसा लागला. दाढीचा. बॅटरीचा उजेड त्यावर टाकून पाहिलं तर डमीच्या कडेला चंद्रकोरीसारखी पांढरट पापुद्र्याची रेघ, आणि तिच्या टोकाला एक थेंब. फुगतो, थांबतो, सुटतो. सुटून खाली सायलेन्सरच्या पाईपवर.

जमीन कोरडी का, त्याचं उत्तर तिथे होतं. गाडी चालू असताना तो पाईप तव्यासारखा तापतो. थेंब जमिनीपर्यंत पोचतच नव्हता.

*

डमी म्हणजे काय ते लिहून ठेवतो, कारण बंदरावर तिघांना विचारलं आणि तिघांनी तीन कारणं सांगितली. इंजिनचा ब्लॉक ओततात तेव्हा पाण्याच्या पोकळ्या राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचे गाभे ठेवतात. ब्लॉक गार झाल्यावर ती वाळू काढायला भोकं लागतात. काम झालं की त्या भोकांत पत्र्याच्या वाट्या ठोकून बसवतात. तीच डमी. थंड मुलुखात पाणी गोठून फुगलं तर ती आधी सुटून ब्लॉक वाचतो म्हणतात. कधी वाचतो, कधी नाही. पण त्यासाठी ती केलेली नाही. आणि रायगडच्या किनाऱ्यावर पाणी गोठायची काळजी कुणी करू नये.

ब्लॉक जाड बिडाचा, डमी जेमतेम पत्रा. सगळ्यांत आधी कुजणार ती तीच.

*

२५ मे

काम केलं. दोन वाजता सुरू, साडेसहाला चहा.

आधी बॅटरीची तार काढली, चाकांना दगड लावले. मग खालचा कॉक उघडून पाणी परातीत घेतलं. सुरुवातीला स्वच्छ, नंतर लाल, शेवटी कातासारखं. पुतण्या म्हणाला, पान लावता येईल.

सायलेन्सरच्या पाईपचा पट्टा काढायला अर्धा तास गेला. नट गंजून त्याचा लाडू झालेला. डिझेल लावून ठेवलं, हातोडीने हलके टोले मारले, मग गोटी पाना धरला.

डमी काढायची पद्धत मला दादांची आठवली आणि ती बरोबर निघाली. मधोमध मारायचं नाही. वाटीच्या एका कडेला पंच धरून ठोका द्यायचा. ती भोकातच गिरकी घेते आणि आडवी होते. मग आडवी झालेली कड पकडीत धरून ओढायची. जोराने मारली तर आत ब्लॉकमध्ये पडते आणि पुढची दुपार तिला शोधण्यात जाते. पहिल्या ठोक्याला पंच आरपार गेला. पत्रा उरलाच नव्हता. वर रंग आणि आत गंज, मधे नावापुरतं लोखंड. दुसरा ठोका कडेला घेतला तेव्हा फिरली.

हातात घेऊन उजेडात धरली. काठाला तीन ठिकाणी सुईएवढी भोकं. त्यांतून आंब्याची पानं दिसत होती.

भोकाची बैठक पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली. बोट फिरवून पाहिलं, कुठे खड्डा लागत नाही. दुकानात जुनी डमी मापाला नेली होती. लोखंडी का पितळी, विचारलं. पितळी घेतली. किंमत दोन प्लेट भजी. कडेला शेलॅकचा पातळ हात दिला. वाटीत बरोबर बसेल असा गोटी पान्याचा बोळा शोधून तो वाटीत ठेवला आणि त्याच्यावर हातोडी. आवाजावरून कळतं. आधी ठप्प ठप्प, आणि टेकली की ठण्ण. ठण्ण झाल्यावर थांबायचं.

त्याच बाजूच्या बाकीच्या दोन्ही डमीही बदलल्या. त्या गळत नव्हत्या. पण तेच पाणी त्याही प्यायल्या होत्या.

*

आता पाण्याविषयी.

आमची विहीर समुद्रापासून चालत सात मिनिटांवर. दिवाळीत तिचं पाणी गोड. होळीनंतर उतरत जातं आणि मेमध्ये मचूळ होतं. साबणाला फेस येत नाही, तूरडाळ दोन शिट्ट्या जास्त मागते. आजूबाजूला बंगले झाले, बंगल्यांत पोहायचे तलाव झाले, प्रत्येकाची बोअर. गोडं पाणी उपसलं की त्याच्या जागी खारं सरकतं. हे आम्ही ग्रामसभेत बोलतो. रेडिएटरमध्ये मात्र तेच पाणी तांब्याने ओततो, वर्षानुवर्षं, आणि बोलत नाही.

खारेपाटातल्या गाड्यांचं तर विचारायलाच नको. तिथे माणसांना प्यायला टँकर, गाडीला कोण गोडं देणार?

तांब्या ओतण्यातली गोम अशी की वाफ जाते ती शुद्ध पाण्याची, क्षार आतच राहतात. दुसऱ्या दिवशी आणखी तांब्या, आणखी क्षार. महिनाभर रोज सव्वा लिटर म्हणजे इंजिनात छोटं मिठागर.

*

रेवदंड्याच्या कोळी मित्राला हे सांगितलं तेव्हा तो हसला. "आमचा इंजिन दर्या पिऊनच थंड व्हतो." बरोबर आहे. होडीच्या मोठ्या इंजिनात समुद्राचं पाणी पंपाने घेऊन आतल्या गोड्या पाण्याला गार करतात. पण त्याने लगेच पुढचं सांगितलं. होडीच्या बुडाला, पंख्याजवळ, ते जस्ताचे ठोकळे लावतात. लोखंड, पितळ आणि खारं पाणी एकत्र आलं की बॅटरी तयार होते आणि त्यांतला एक धातू झिजायला लागतो. जस्त सगळ्यांत आधी झिजतं आणि बाकीच्यांना वाचवतं. ठोकळा संपला की नवा लावायचा.

माझ्या गाडीत रेडिएटर तांब्या-पितळेचा, ब्लॉक बिडाचा, थर्मोस्टॅटचं घर अॅल्युमिनियमचं आणि मध्ये विहिरीचं पाणी. जस्त कुठेच नाही. जस्ताची भूमिका डमीने केली.

मीटर लावून पाहण्याची एक युक्ती आहे, ती मी पाणी काढण्याआधी करून ठेवली होती. एक पिन रेडिएटरच्या पाण्यात, धातूला न टेकवता. दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर पाणी धातू खातंय असं समजावं. आमचं ०.४२ आलं.

*

२७ मे

रेडिएटर काढून डाखवाल्याकडे नेला. पूर्वी अलिबागेत असे चार होते, आता एकच म्हातारे. वरची टाकी ब्लो-लँपने सोडवली, आत दाखवलं. नळ्यांच्या तोंडाशी चुन्यासारखी खपली, पाच-सहा नळ्या पूर्ण बुजलेल्या. त्यांनी चपटी सळई एकेका नळीतून आरपार काढली. न बोलता, सुपारी चघळत, दोन तास. मग टाकी बसवली, कडेने डाख दिला आणि पाण्याच्या हौदात बुडवून हवा मारली. एकही बुडबुडा नाही.

"नवीन गाड्यांचे आमच्याकडे येत नाहीत," ते म्हणाले. नव्यांची जाळी अॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या. त्याला डाख लागत नाही. फुटला की फेकायचा. त्यांचा मुलगा शेजारीच मोबाईलच्या काचा बदलतो.

*

जाळीचा रेडिएटर मुळात माइबाखचा. १९०१च्या मर्सिडीजसाठी त्याने बारीक चौकोनी नळ्या हजारोंनी एकत्र बांधल्या, आठ हजारांवर, पोळ्यासारख्या. त्याआधी गाड्या पाणी उकळून उडवत जायच्या आणि वाटेत पीत जायच्या. पुढे १९५४ मध्ये टेल्कोने, म्हणजे टाटांनी, त्याच घराण्याच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. करार १९६९ ला संपला. ४०७ आली १९८६ मध्ये, तीही अशा वेळी की डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी, ऑल्विन-निस्सान अशा चार जपानी जोड्या बाजारात उतरलेल्या. दादा बैलगाडीवरून थेट हिच्यावर आले. का हीच, असं विचारलं की म्हणायचे, हिचं सामान पोयनाडला मिळतं.

*

या वेळी विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट घालायचं ठरवलं. कूलंट गोड असतं. चव घेऊन नाही, वासावरून लिहितोय, काकवीसारखा वास. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. मांजराला चमचा-दोन चमचे पुरतात, कुत्र्याला त्याहून जास्त. आमच्याकडे दोन मांजरं, एक कुत्रा आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या. कूलंट कालवलेल्या परातीवर पाट, पाटावर दगड. सांडलेल्या दोन थेंबांवर राख टाकून उचलली.

"अहो, ती परात आता वर ठेवू नका," आतून आवाज. ठेवणार नव्हतोच. परात गेली. नवी आणावी लागणार. डमीपेक्षा महाग.

*

गोठण्याची भीती नाही तर कूलंट कशाला, हा नानांचा प्रश्न, आणि रास्त आहे. थंडीसाठी नाही, गंजासाठी. त्यात गंज थोपवणारी द्रव्यं असतात, आणि ती काही वर्षांत संपतात, म्हणून बदलायचं. घट्ट कूलंट घेतलं तर निम्मं पाणी घालावं लागतं, ते बॅटरीचं, डिस्टिल्ड. निम्म्यात विहिरीचं घातलं तर पैसे विहिरीत.

*

२९ मे

भरलं. घाई केली की हवा अडकते. झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली, वरचा पाईप हाताने दाबत राहिलो. बुडबुडा येतो, पातळी उतरते, थोडं ओततो. साधारण वीस मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडला. कळतं कसं? तोवर गार असलेला वरचा पाईप एकदम हाताला चटका देतो आणि झाकणात पाणी फिरायला लागतं. मग काठाला आणून झाकण.

मीटर: ०.०८.

*

३० मे

ट्रायलला कार्लेखिंड. रिकामी नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून पेणहून उरलेली कौलं भरून आणायची ठरली. येताना पोयनाडपासून खिंड चढली, दुसऱ्या गिअरमध्ये, पाठीवर कौलं, दुपारी अडीचचं ऊन. काटा मधोमध. पुतण्या काट्याचा व्हिडिओ काढत होता. कशाला, विचारलं तर म्हणाला, नंतर कोणी विश्वास ठेवत नाही.

खिंडीवर थांबून सायलेन्सरच्या पाईपवर आरसा धरला. कोरडा. काकवीचा वास नाही.

*

३१ मे

शेवटचा बर्फ. बंदरावर होड्या वर ओढायला लागल्यात. एकाच्या बुडाचं जस्त पाहिलं, लिंबाएवढं उरलं होतं.

*

९ जून

मृग लागला आणि दुसऱ्या रात्री पडला. ओटीवर मधोमध थेंब नाही. नवीन थेंब स्वयंपाकघराच्या दाराशी, पत्रा आणि कौल जिथे मिळतात तिथे. म्हातारा निरोप पाठवूनही आलेला नाही, शेतावर असणार.

पागोळीखाली प्लॅस्टिकचा पिंप लावला आहे. पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून दिलं, कौलांची धूळ असते. नंतरचं गाळून कॅनमध्ये भरून झाकून ठेवतो. पावसाचं पाणी मऊ, क्षार नाहीत; वाटेत वर ओतायला विहिरीपेक्षा केव्हाही बरं. नानांनी कॅनकडे बघून विचारलं, "गारीला पावसाचा, मानसांना इहिरीचा?" उत्तर सुचलं नाही.

*

११ जून

पासिंगला पेणला जायचं आहे, जुन्या गाडीला ते दर वर्षी. त्याआधी एकदा सगळं पाहिलं. रेडिएटर काठोकाठ, बारा दिवसांत बोटभरही उतरलेलं नाही.

फक्त खालच्या होज पाईपच्या क्लिपेशी, पहाटे गार असताना, एक थेंब येतो. गाडी तापली की बंद. रबर आणि लोखंड गारव्यात सारखं आक्रसत नाही, त्यामुळे. पाव फेरा आवळून पाहीन. नाही थांबला तर तो पाईपही दादांच्या वेळचा आहे, बदलायचा. ऑगस्टपर्यंत वेळ आहे.